कु. शिवकन्या हिचे हार्दिक अभिनंदन

लातूर, ६ मे

ती. काकांस,
सा. न.

उदगीरच्या लग्नात, शेवटच्या पंगतीला, सगळ्यांदेखत मी तुम्हाला ‘कोणी न विचारता सल्ले देणारे’ म्हणाले. तुम्ही मला ‘पुण्याचं पाणी चढलेली’ म्हणालात. दोन्ही खरं होतं, म्हणून दोघांनीही एकमेकांचे नंबर ब्लॉक केले.

आता आप्पा म्हणतात, फोनवर भांडता येत नसेल तर कागदावर भांडा. आडतीच्या पेढीवर शेतकऱ्याचं आणि खरेदीदाराचं पटलं नाही की ते दोघांकडून लिहून घेतात, तसंच हे. माझं पत्र मोंढ्यातून नांदेडला धान्य घेऊन जाणाऱ्या आपल्या गाडीनं संगप्पा ड्रायव्हरच्या हाती येईल. तुमचं उत्तर त्याच गाडीनं यायचं. जाणारं आणि येणारं, दोन्ही आधी आप्पा वाचणार आणि खाली तशी नोंद करणार. तुम्ही लिहिताना मोठमोठ्यानं म्हणत लिहिता, तेव्हा तुमच्याकडे काकूंना आणि गल्लीलाही कळेलच.

मुद्दा असा. मला कलकत्त्याच्या जुन्या संस्थेत एमबीएला प्रवेश मिळाला आहे. पंचवीस तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. कर्जाच्या कागदांवर बाप म्हणून आप्पांची सही लागते, आणि आप्पा पेन हातात घेऊन म्हणतात, “अमरनाथ हो म्हणू दे.” घराण्यातले पहिले पदवीधर तुम्ही, म्हणून शिक्षणाचा शेवटचा शब्द तुमचा. सुकन्याक्काला तुम्ही डी.एड. करायला लावलं आणि त्याच वर्षी शिक्षकभरती बंद पडली. त्यात सगळा दोष तुमचा नाही, थोडा सरकारचाही आहे.

मला सल्लागार कंपनीत जायचं आहे. मोठमोठ्या कंपन्यांची गाडी कुठं अडली आहे ते शोधून सांगायचं, हे त्यांचं काम. या सल्लागार कंपन्या मोजक्याच संस्थांमध्ये नोकऱ्या द्यायला येतात. त्या जिथं येतात तिथं शिकायला जायचं, इतका सरळ हिशेब आहे. लॉन, काचेची इमारत, पोहण्याचा तलाव हे मंगल कार्यालय ठरवताना बघायचं असतं. मुलाखतीसाठी मी वर्षभर रोज संध्याकाळी एकाबरोबर फोनवर सराव केला आणि अजून करते आहे. मेहनत झाली, निवड झाली. आता फक्त तुमचं ‘हो’ उरलं आहे.

दोन अक्षरंही नाहीत त्यात. एकच आहे.

आपली पुतणी,
शिवकन्या

(वाचले. — महादेवप्पा)

—

नांदेड, ८ मे

चि. शिवकन्या हिस,
अ. उ. आ.

विषय: उच्च शिक्षणासाठी संस्थेची निवड.
संदर्भ: तुझे दि. ६ चे पत्र.

पत्र मिळाले. संगप्पाने ते ग्रीसच्या डब्याखाली ठेवून आणले. मजकुराला तो वास शोभून दिसला.

सल्लागार म्हणजे काय ते तू मला समजावू नये. माझ्या दारावर ‘टॅक्स कन्सल्टंट’ ही पाटी तुझ्या जन्माआधीपासून आहे. तू म्हणतेस त्या कंपन्यांचीही मी चौकशी केली. मला कळले ते असे, की कोट घालून दुसऱ्याच्या दुकानात जायचे, जावयासारखे खुर्चीत बसायचे, प्रत्येक गोष्टीला नाव ठेवायचे, आहेर घ्यायचा आणि दुकान बसायच्या आत निघून यायचे. एवढ्यासाठी कलकत्ता कशाला? जावई आपल्याकडे लातुरातही तयार होतात.

आणि खाण्याचे काय? आपण लिंगायत. गळ्यात इष्टलिंग आहे. तिकडे शेजारच्या ताटातला मासा डोळे उघडे ठेवून आपल्याकडे बघत असतो म्हणतात. तू वरणभात खाशील, पण तो बघायचा थांबेल का?

माझे मत स्पष्ट आहे. हैदराबादच्या अलीकडे इंद्रप्रभा ग्लोबल बिझनेस स्कूल आहे. नांदेडहून सकाळी निघालेला माणूस दुपारी तिथे जेवायला बसतो. मेस शुद्ध शाकाहारी. वसतिगृह वातानुकूलित. गेटवर दोन हत्ती आहेत, सिमेंटचे, पण सोंड वर केलेले. मागे गेलो तेव्हा संचालकसाहेब स्वतः मला गेटपर्यंत सोडायला आले. कलकत्त्याचा संचालक येईल का तुझ्या बापाला सोडायला?

दुसऱ्याचे कशाला, आपला सोमेश तिथेच शिकला. आज माझा मुलगा सिंगापुरात सल्लागार आहे. संस्थेची माहितीपुस्तिका सोबत जोडली आहे. पान चारवर त्याचा फोटो बघ. टाय बघ.

तुझा हितचिंतक काका,
अमरनाथ
बी.कॉम.

(वाचले. सोमेशला पोचवायला गेलो तेव्हा हत्ती मीही पाहिले. — महादेवप्पा)

—

लातूर, १० मे

ती. काकांस,

टाय बघितला. चांगला आहे. फोटोतला सोमेशदादा मात्र असा दिसतो, की टाय दुसऱ्याचा आहे आणि तो लवकर परत करायचा आहे.

मग पुस्तिका सगळी वाचली. इमारत पुढून आहे, मागून आहे, वरून आहे, रात्री दिवे लावून आहे. हत्ती तीन ठिकाणी आहेत. ज्या कंपन्या नोकऱ्या द्यायला येतात त्यांचं नाव एकाही पानावर नाही. ‘नामांकित’, ‘आघाडीच्या’, ‘बहुराष्ट्रीय’ असे शब्द आहेत. काका, पेढीवर एखादा व्यापारी ‘नामांकित’ एवढंच नाव सांगून माल भरायला आला तर आप्पा त्याला पोत्याला हात लावू देतील का? आप्पा, तुम्ही वाचताय ना? द्याल का हात लावू?

शिकवणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव संचालकांचं, दुसरं त्यांच्या पत्नीचं आणि तिसरं त्यांच्या मेहुण्याचं आहे. याला बिझनेस स्कूल म्हणत नाहीत. याला घर म्हणतात.

आता माझा सरळ प्रश्न. तुम्हाला या संस्थेचा एवढा कळवळा का? आप्पाही आडत घेतात, पण दुकानावर तशी पाटी आहे आणि मागितली तर पावती मिळते. तुमच्या पाटीवर टॅक्स लिहिलं आहे. एक पोरगी नेऊन घातली की इंद्रप्रभा तुम्हाला काय देते? धंदा तो धंदा, मी नाव ठेवणार नाही. फक्त दलाल असाल तर दलाल म्हणून बोला, काका म्हणून बोलू नका.

माशाबद्दल. बघू द्या त्याला. उदगीरच्या पंगतीत सबंध भावकी माझ्याकडे तसंच बघत होती. मी जेवले.

शिवकन्या

(वाचले. हात लावू देणार नाही. पण भाषा सांभाळ. — महादेवप्पा)

—

नांदेड, १२ मे

शिवकन्या,

आशीर्वाद राहू दे.

मी दलाल? मी पोरी भरून राहिलो इंद्रप्रभेत? चार बुकं शिकली म्हणून काकाला काय वाट्टेल ते बोलून राहिली तू. एक रुपया घेतला असेल तर सिद्धेश्वराच्या पायरीवर उभा राहून सांगतो, जीभ झडू दे माझी. चहा घेतला होता संचालकाकडं. बिस्कीट होतं त्याच्याबरोबर. त्याची पावती न्हाई माझ्याकडं.

अण्णा, तुम्ही हे आधी वाचणार, म्हणून आता तुमच्याशीच बोलतो. तुमच्या लेकीनं पहिल्या पत्रात काय लिहिलं ते परत वाचा. ‘रोज संध्याकाळी एकाबरोबर फोनवर.’ हा ‘एक’ कोण? त्याला नाव न्हाई? गाव न्हाई? वर्षभर रोज संध्याकाळी कोणता सराव चालतो? मला तर वाटतं कलकत्त्याचं खूळ संस्थेचं न्हाईच, या ‘एका’चं आहे. तोही तिकडंच निघाला असणार, बघा चौकशी करून.

आणि तो पोरगा तरी कसल्या घरातला असेल? चांगल्या घरातला तरणा पोरगा रोज संध्याकाळी दार लावून दुसऱ्याच्या पोरीशी बोलत बसत न्हाई. त्याच्या बापाला पत्ता तरी आहे का, पोरगं आत काय करून राहिलं ते? असले बाप असतात, म्हणून असली पोरं निघतात.

माझं उत्तर: न्हाई. कलकत्ता न्हाई.

अमरनाथ

(वाचले. कोण आहे? — महादेवप्पा)

—

लातूर, १५ मे

काका,

तुमच्या पत्राखाली आप्पांनी दोन शब्द लिहिले आणि त्या दोन शब्दांपायी आमच्या घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. आप्पांना तोंडी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. तो कोण ते मी सांगणार नाही. त्यानं मला तसं बजावलं आहे आणि मी शब्द दिला आहे. तुम्ही समजता तसलं काही नाही. तो मला विचारतो, एका बिस्किट कारखान्याचा खप वाढतोय आणि नफा घटतोय, का असेल? मी उत्तर देते. तो म्हणतो, चूक. आमचं प्रेमप्रकरण एवढंच आहे.

पण तुम्ही उत्तराची वाट कुठं बघितलीत. काल सकाळी गंजगोलाईत तुमचा फ्लेक्स लागला.

घराच्या दारापेक्षा मोठा आहे. त्यात मी आहे, दहावीच्या फोटोतली, दोन वेण्यांची. माझ्या दुप्पट तुम्ही आहात, गॉगल लावून. ‘आमची पुतणी कु. शिवकन्या हिची इंद्रप्रभा ग्लोबल बिझनेस स्कूल येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: अमरनाथ काका व समस्त मित्रपरिवार.’ मित्रपरिवाराचे फोटो खाली रांगेत आहेत. त्यातल्या दोघांबरोबर तुमचा कोर्टात दावा चालू आहे. त्यांना विचारलं होतं का?

मी इंद्रप्रभेत अर्जसुद्धा केलेला नाही. निवड कशी झाली? पण हे मला कोणी विचारलं नाही, कारण सगळे मोंढ्यात गेले होते. सौदे सुरू व्हायच्या आधी व्यापारी हार घेऊन पेढीवर आले. आप्पांना बोलायला सवड मिळाली नाही. त्यांनी मान पुढं केली, हार पडला, आणि कुणीतरी आणलेले पेढे त्यांच्याच हातानं वाटले गेले. आता ते म्हणतात, पेढे वाटले म्हणजे शब्द गेला. बोललेला सौदा जो फिरवतो त्याच्या दारात कोणी माल उतरवत नाही.

म्हणजे मी तूर झाले. दाणा न बघता माझा सौदा झाला, आणि तोही तुमच्या गॉगलखाली.

पंचवीस तारीख जवळ आली आहे. फ्लेक्स काढा. मोंढ्यात येऊन सांगा की चूक तुमची.

शिवकन्या

(वाचले. हार घेतला हे खरे. — महादेवप्पा)

—

नांदेड, १७ मे

चि. शिवकन्या हिस,
अनेक आशीर्वाद.

आता राग उरला नाही, म्हणून आशीर्वाद परत चालू केले आहेत.

फ्लेक्स तुझ्या भल्यासाठी लावला. निर्णय घेताना माणसाची ओढाताण होते, ती मी वाचवली. फोटो दहावीचा टाकला, कारण तेव्हा तू मोठ्यांचे ऐकत होतीस.

मोंढ्यात येऊन मी काय सांगू? मान पुढं केली की हार मागं घेता येत नाही, पोरी. अण्णांचा शब्द तो अण्णांचा शब्द. तुझी कलकत्त्याची हौस मोठी, का तुझ्या बापाची पत मोठी, एवढंच आता ठरायचं आहे, आणि ते तू ठरव. मी मधे पडणार नाही.

इंद्रप्रभेत तुझ्या नावाने अर्ज भरून टाकला आहे. संचालकसाहेबांना आनंद झाला. हत्तींना नवीन रंग देत आहेत.

काका

(वाचले. — महादेवप्पा)

—

लातूर, १९ मे
स्पीड पोस्टाने

काका,

हे पत्र संगप्पाच्या हाती दिलेलं नाही. खाली बघा, ‘वाचले’ असं लिहिलेलं नाही. मी स्वतः पोस्टात जाऊन टाकलं आहे. काकूंना बाहेर पाठवा आणि मनात वाचा. जमत नसेल तर तोंडात सुपारी धरा.

तुमचं सतरा तारखेचं पत्र मला सोळालाच ऐकू आलं.

संध्याकाळी माझा सराव चालू होता. फोनवर तो ‘एक’ होता. तो मला कुठल्याशा सिमेंट कंपनीचं कोडं घालत होता आणि त्याच्या मागून एक आवाज आला, मोठा, ओळखीचा. “मान पुढं केली की हार मागं घेता येत नाही, पोरी.” थोडं थांबून तोच आवाज म्हणाला, “अगं, ऐकलंस का, कसं लिहिलंय?” मग फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी संगप्पा गाडीतून उतरला, मी पाकीट उघडलं, आणि तेच वाक्य तुमच्या अक्षरात होतं.

मला वर्षभर वाटत होतं की फोन सिंगापूरहून येतोय. सोमेशदादा म्हणायचा, ऑफिसातून चोरून बोलतो, घरी कुणाला सांगू नको. मी शब्द दिला. त्या शब्दापायी माझ्या बापानं मला ‘कोण आहे’ असं लिहून विचारलं.

त्या संध्याकाळी मी फोन लावत राहिले. शेवटी त्यानं उचलला आणि सांगितलं. ज्या कंपनीनं त्याला घेतलं म्हणून संस्थेनं फोटो काढला, तिनं रुजू व्हायच्या आधीच हात वर केले. संस्थेनं फोटो तसाच छापला, खाली सिंगापूर लिहिलं. पुस्तिका तुमच्या हातात पडली आणि तुम्ही ती खरी मानायची ठरवलंत. गेल्या पावसाळ्यापासून तो तुमच्या गच्चीवरच्या खोलीत सिंगापुरात राहतो. दुसरं काही लागेपर्यंत कुणाला दिसू नको, असं तुम्ही त्याला सांगितलंत. अंधार पडल्यावर हेल्मेट घालून पायी किराणा आणायला जातो. पायी, काका. डोक्यात हेल्मेट घालून.

तो चांगल्या घरातला नसावा, असं तुम्हाला वाटलं होतं. बापाला पत्ता नसेल, असंही वाटलं होतं. दुसरं तरी बरोबर निघालं.

मी तुम्हाला दलाल म्हणाले ते चुकलं. सोमेशदादा सरावात नेहमी सांगायचा, गिऱ्हाईक जी अडचण सांगतं ती सहसा खरी नसते, त्याला दुसरंच काही दुखत असतं. मी तुमच्या पत्रांत पैसा शोधत बसले. तुम्हाला पैसा नको होता. तुम्हाला मी इंद्रप्रभेत जायला हवी होते. मी गेले असते तर सोमेशदादाला तिथं घातलं ते बरोबर होतं, असं ठरलं असतं. दोघं बुडाली असती तरी निर्णय तरला असता.

त्याला मी विचारलं, मी इंद्रप्रभेत जाऊ का? तो म्हणाला, “तिथं गेलीस तर माझा तुझ्यावर गेलेला सबंध उन्हाळा आणि हिवाळा परत दे.” कलकत्ता मला मिळालं ते त्याच्यामुळं. तुमच्या घरात एक उत्तम सल्लागार आहे. पाटी दुसऱ्याच्या नावाची आहे.

आप्पांना यातलं काही सांगणार नाही. त्याबदली दोन गोष्टी पाहिजेत. हे धमकीसारखं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

पुढच्या गाडीनं तुमचं पत्र यावं, त्यात कलकत्त्याला ‘हो’ असावं आणि फ्लेक्सचा दोष तुमच्या अंगावर घेतलेला असावा, स्वच्छ, आप्पांना मोंढ्यात वाचून दाखवता येईल असा. आणि सोमेशदादाला लातूरला पेढीवर पाठवा. आप्पांना माणूस हवाच आहे. काय कारण सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, तुम्हाला त्याची सवय आहे. पण त्याला दिवसा पाठवा. हेल्मेटशिवाय.

शिवकन्या

—

नांदेड, २२ मे

ती. अण्णा यांस, सा. न.
चि. शिवकन्या हिस, योग्य ते.

विषय: फेरविचार.

सदर विषयाचा मी सखोल अभ्यास केला. इंद्रप्रभा ही संस्था इमारतीच्या दृष्टीने उत्तम असली तरी ज्या नोकरीसाठी चि. शिवकन्या शिकू इच्छिते, त्या नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या कलकत्त्याच्या संस्थेत जातात, असे दिसून आले. ही माहिती तिने पहिल्या पत्रात दिली होती. मी ती आता वाचली असे समजावे.

तरी कलकत्त्यास माझी संमती आहे. हो.

फ्लेक्सबाबत. मजकुरात चूक झाली. ती चूक छपाईवाल्या बजरंगची, म्हणजे बजरंगला मजकूर देणाऱ्याची, म्हणजे माझी. पोरीची निवड तिथे झालेली नव्हती आणि ते मला ठाऊक होते. अण्णा, हार तुम्ही घेतला तो माझ्या खोट्यावर घेतला. शब्द गेला तो माझा गेला, तुमचा नाही. मोंढ्यात तसे सांगा. हे पत्र दाखवा. कुणाला झेरॉक्स पाहिजे असेल तर तीही द्या. नांदेडच्या मोंढ्यात पोचायच्या आत मी इकडे स्वतःच सांगून टाकतो.

चि. शिवकन्येस एवढेच सांगतो की ती सल्लागार होणार याविषयी मला आता शंका नाही. दुसऱ्याच्या घरात पाऊल न टाकता घराची कौलं उचलायची विद्या तिच्याकडे आहे. ती कलकत्त्याला जात आहे याचा मला आनंद आहे, कारण कलकत्ता नांदेडपासून लांब आहे.

जाता जाता. सोमेश सिंगापूरहून मोठ्या सुट्टीवर येत आहे. पेढीवर बसायची त्याची इच्छा आहे. तुमची हरकत नसेल तर पाठवतो.

आपला,
अमरनाथ

(वाचले. सही केली. बजरंगची माफी मागावी. सोमेशला हैदराबादच्या विमानतळावर हुडकत बसू नये, त्याला घरूनच संगप्पाच्या गाडीत बसवावे. पुढे जागा आहे. — महादेवप्पा)

—

नांदेड, ९ जुलै

शिवकन्या,

तू फोनवर अजून ब्लॉक आहेस आणि राहशील. म्हणून पत्र. गाडीने लातूरला पाठवतो आहे, अण्णा पुढे टपालात टाकतील. वाचायची त्यांना सवय लागली आहे.

कलकत्त्यात रुळली असशील. मासा बघतो का?

अण्णांनी भावकीच्या ग्रुपवर फोटो टाकला तो तू पाहिला असशील. पेढीच्या अंगणात सोयाबीनची थप्पी, तिच्यावर ताडपत्री म्हणून माझा फ्लेक्स. दोरीने आवळून बांधला आहे. तुझ्या दोन वेण्या पोत्यांच्या एका बाजूला लोंबून राहिल्या आणि माझ्या गॉगलात पावसाचं पाणी साचलं आहे. एवढा खर्च करून लावलेला फ्लेक्स, पण अण्णा म्हणतात वाया गेला नाही, दाणा कोरडा राहिला.

त्या थप्पीशेजारी सोमेश उभा आहे. बाह्या वर केलेल्या, टाय नाही. गेल्या गेल्या त्याने अण्णांना पेढीच्या कामातल्या चुका काढून दाखवल्या म्हणे. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला चहा सांगायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याने परत दाखवल्या. तिसऱ्या दिवशी अण्णांनी त्यातली एक सुधारली. हे मला संगप्पाने सांगितलं. सोमेश मला काही सांगत नाही. गच्चीवर होता तोवर निदान पावलं ऐकू यायची.

त्याची आई रोज तो फोटो मोठा करून बघते.

आता कामाचं. फोटो सगळ्या नांदेडने पाहिला. ऑफिसात रिटर्न भरायला येतो तो प्रत्येक जण विचारतो, सोमेश सिंगापूर सोडून लातूरला सोयाबीनवर कसा काय? मी पहिल्याला सांगितलं, सुट्टीवर आहे. दुसऱ्याला सांगितलं, धान्यबाजाराचा अभ्यास करून राहिला, त्याच्या कंपनीनंच पाठवलं. तिसऱ्याला काय सांगितलं ते आठवत नाही आणि आज तिघं एकत्र आले होते.

तू शिकून राहिली ना हे? गाडी कुठं अडली ते शोधून सांगायचं, असं तूच लिहिलं होतंस. मग सांग. लोकांना काय सांगू? नवीन काही जुळवायचं तर जुळवून दे, तुझं डोकं त्यात चालतं. फी मिळणार नाही. तुझ्यामुळेच ही वेळ आली आहे, तेव्हा उपकार म्हणूनही मागत नाही.

अमरनाथ

(वाचले. पुढे पाठवले. — महादेवप्पा)

—

कलकत्ता, १६ जुलै

ती. काकांस,
सा. न.

मासा बघतो. मीही बघते.

तुमचं पत्र रात्रीच्या जेवणानंतर वाचलं. इथं आम्हाला शिकवतात की उत्तराला आधी तीन पर्याय काढावे, मग त्यांची तुलना करावी, मग सुंदर तक्ता करावा. तुमच्यासाठी मी तसं करायला बसले होते. मग सोमेशदादाला फोन लावला आणि विचारलं, तुझ्याबद्दल काकांनी लोकांना काय सांगावं? तो मोंढ्यात होता, मागून हमालांचा आरडाओरडा ऐकू येत होता, आणि त्यानं फोन हाताखाली झाकला नाही. म्हणाला, “हे त्यांना मला विचारता येत नाही का? लातूरचा नंबर त्यांच्याकडे आहे.”

तेव्हा सल्ला असा. नवीन काही जुळवू नका. ‘सोमेश घरी आला आहे’ एवढं सांगा आणि पुढं काही जोडू नका. कंपनी नको, सुट्टी नको, अभ्यास नको. लोक थोडा वेळ वाट बघतील, मग रिटर्न भरून निघून जातील. एकदा वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. तुम्हाला लिहिताना तशी सवय आहेच, आता तर वरच्या खोलीत ऐकायलाही कोणी नाही.

आणि मग त्याला फोन करा. तो उचलेल की नाही ते मला माहीत नाही. माझा त्यानं उचलला.

हे पत्रही लातूरवरूनच पाठवते आहे.

शिवकन्या

(वाचले. मोंढ्यात मला विचारतात तेव्हा मी तेवढेच सांगतो. फोन दुपारी कर, सौदे उरकल्यावर. तो पेढीवरच असतो. — महादेवप्पा)